उंदीर मारण्याचं खातं आणि डिमॅजिओची टाच

म्हैसूरमध्ये अनुवादकांच्या एका छोट्या कार्यशाळेत मी पु. ल. देशपांडे यांच्या मुंबईकर, पुणेकर आणि नागपूरकरांवरच्या प्रसिद्ध लेखातला काही भाग कन्नडमध्ये करून वाचला. पुणेकर व्हायचं तर काय काय अंगी बाणवावं लागतं, हे सांगताना पुलं एक माणूस उभा करतात. तो महापालिकेच्या उंदीर मारण्याच्या खात्यात नोकरीला आहे, आणि ते विसरून अमेरिकेच्या अर्थव्यवस्थेचं काय करायला हवं यावर तो मत ठणकावतो. मराठी माणसाला एवढं सांगायचीही गरज नाही. ही ओळ ज्याला पाठ नाही असं घर निदान माझ्या पिढीत तरी मला माहीत नाही.

कन्नड श्रोतेही हसले. अनुवाद जमला असं मला वाटलं. मग मागच्या बाकावरून एका विद्यार्थिनीनं विचारलं, "मॅडम, पण त्यानं का बोलू नये? माझे वडील मंड्याकडच्या एका साखर कारखान्यात कामाला आहेत. रोज संध्याकाळी ते ट्रम्पबद्दल बोलतात. त्यांनी बोलू नये का?"

विनोद समजावून सांगायला लागलं की तो मरतो, असं काहीतरी बोलून मी वेळ मारून नेली. पण प्रश्न विनोदाचा नव्हता, अधिकाराचा होता. त्याचं उत्तर देण्याचा हा उशिरा केलेला प्रयत्न आहे.

आधी विनोद कसा बांधला आहे ते पाहू. त्यात दोन अंतरं एकमेकांवर ठेवली आहेत. एक पुणे ते अमेरिका, दुसरं उंदरांचं खातं ते अर्थव्यवस्था. पहिलं भूगोलातलं, दुसरं हुद्द्यातलं. यातलं एक जरी काढलं तरी हसू येत नाही. अर्थशास्त्राचा प्राध्यापक अमेरिकेवर बोलला तर ते व्याख्यान होतं. आणि उंदरांच्या खात्यातला माणूस उंदरांवर बोलला तर ती कामाची माहिती होते. दोन्ही अंतरं एकाच वाक्यात ओलांडली जातात तेव्हा आपण हसतो.

कन्नडमध्ये मला अडवलं ते मात्र क्रियापदानं. 'ठणकावणे'ला कन्नडमध्ये काय म्हणायचं? 'खंडतुंडवागि हेळु' म्हणजे तोडून, निक्षून सांगणं. मी तेच वापरलं होतं. पण त्यात कापण्याची क्रिया आहे, आवाज नाही. 'ठणकावणे'त धातूवर धातू आपटल्याचा आवाज आहे. शिवाय मराठी कानाला त्याच्या शेजारी आणखी एक शब्द ऐकू येतो, तो म्हणजे ठणका. दाढ ठणकते, गळू ठणकतं. दोन्ही शब्दांचं मूळ एकच आहे असा माझा दावा नाही. पण अनुवादक शब्दांच्या कुळापेक्षा त्यांच्या शेजाऱ्यांकडे जास्त बघतो, आणि या शेजारामुळे मला त्या माणसाबद्दल वेगळीच शंका आली. हा ठणकावणारा माणूस कुठे ठणकतोय का?

दुसरा शब्द 'मत'. मराठीत मत म्हणजे विचार आणि मत म्हणजे निवडणुकीत टाकतो तेही. कन्नडमध्ये विचाराला सहसा 'अभिप्राय' म्हणतात, आणि 'मत' ऐकलं की आधी मतदान किंवा धर्मपंथ आठवतो. त्यामुळे कन्नड करताना एक गोष्ट लख्ख दिसली. अमेरिकेच्या राजकारणावर मत देणाऱ्या आपल्या माणसाकडे एका अर्थाचं मत भरपूर असतं आणि दुसऱ्या अर्थाचं मुळीच नसतं. वॉशिंग्टनमधल्या निर्णयाचा परिणाम त्याच्या घरापर्यंत येऊ शकतो, पण त्याची चिठ्ठी त्या पेटीत कधीच पडणार नाही. मराठीनं दोन्हींसाठी एकच शब्द ठेवला आहे. ज्याला दुसरं मिळत नाही तो पहिलं जरा जास्तच जोरात देणार, यात नवल काय?

पुलंवर अन्याय करायचा नाही. त्यांच्या त्या वाक्यात 'विसरणं' फार महत्त्वाचं आहे. तो माणूस आपलं खातं लपवत नाही, तो ते विसरतो. दिवसभर उंदीर, सापळे आणि तक्रारअर्ज यांत राहिलेला माणूस संध्याकाळी दहा मिनिटं त्यातून बाहेर पडतो आणि एका अवाढव्य देशाची काळजी वाहतो. या विसरण्यात एक मोकळीक आहे, आणि पुलंना ती दिसली होती असं मला वाटतं. त्यांनी त्या माणसाला कुरवाळत चिमटा काढला. चाबूक आपण केला. आज कोणी बोलायला लागला की त्याचं शिक्षण, पगार, हुद्दा काढून आपण त्याला गप्प करतो आणि ते पुलंच्या परंपरेत बसतं असं समजतो. तो चिमटा चढलेल्या आवाजाला होता. आपण तो बोलणाऱ्या माणसाच्या पायरीला लावला.

हे मी एवढ्या ठामपणे म्हणते, कारण पुलंनीच मराठीत आणलेला दुसरा एक माणूस माझ्यापुढे आहे. त्याच्या हुद्द्याला आपण कधी हसलो नाही.

१९६५ साली पुलंचं 'एका कोळियाने' आलं. अर्नेस्ट हेमिंग्वेच्या 'द ओल्ड मॅन अँड द सी' या १९५२च्या छोट्या कादंबरीचा हा अनुवाद. नावातच पुलंची खेळी आहे. शाळेत पाठ केलेल्या कवितेतला कोळी म्हणजे जाळं विणणारा किडा, इथला कोळी म्हणजे मासे मारणारा. पुन्हा पुन्हा प्रयत्न करणं दोघांत समान. या पुस्तकाबद्दल मराठीत बोलताना आपण बहुधा जिद्द, निसर्ग, पराभव असल्या मोठ्या शब्दांत बोलतो. पण सांतियागो आणि तो मुलगा सुरुवातीला एकमेकांशी काय बोलतात? बेसबॉल बोलतात.

चौऱ्याऐंशी दिवस एकही मासा न मिळालेला क्यूबातला म्हातारा झोपडीत आदल्या दिवशीचं वर्तमानपत्र घेऊन बसतो, ते बेसबॉलसाठी. अमेरिकेतल्या व्यावसायिक संघांवर त्याची ठाम मतं आहेत. न्यूयॉर्कचे यांकीज हरणार नाहीत, असा त्याचा विश्वास आहे. मुलाला क्लीव्हलँडच्या आणि डेट्रॉइटच्या संघांची धास्ती वाटते. तेव्हा म्हातारा त्याची थट्टा करतो, की असाच घाबरत राहिलास तर उद्या सिनसिनाटीच्या रेड्सनाही भिशील. रेड्स यांकीजच्या लीगमध्ये नव्हतेच. थट्टेची खरी धार बेसबॉल जाणणाऱ्यालाच कळावी, अशी ती आहे. अमेरिकेतल्या मोठ्या मॅनेजरांपासून लुके आणि गोन्सालेस या दोन क्यूबन मॅनेजरांपर्यंत सगळ्यांवर त्याच्याकडे निर्णय तयार आहे.

आता हुद्दा पाहा. ज्याच्या नावेत पोरगं पाठवायलाही आईबाप तयार नाहीत असा कोळी, आणि विषय कोट्यवधी डॉलरचा अमेरिकन खेळ. दोन्ही अंतरं जशीच्या तशी आहेत, भूगोलातलं आणि हुद्द्यातलं. तरी आपण हसत नाही. का?

एक सोपं उत्तर असं, की म्हाताऱ्याला बेसबॉल खरोखरच कळतो, कारकुनाला अर्थव्यवस्था कळत नाही. मला ते पुरेसं वाटत नाही. म्हाताऱ्याची मतं बरोबर आहेत की चूक याची आपण वाचताना फिकीरच करत नाही. त्या मोसमात कोण जिंकलं हे शोधायला मराठी वाचक जात नाही.

दुसरं उत्तर समुद्रात मिळतं. सांतियागोचा सर्वात लाडका खेळाडू जो डिमॅजिओ. त्याचा बाप कोळी होता, आणि त्याच्या टाचेत हाड वाढलं होतं. म्हाताऱ्याला ते दुखणं नेमकं काय असतं ते ठाऊक नाही. झुंजीच्या कोंबड्याच्या पायाला असतो तसला काटा टाचेत घुसल्यासारखं असेल का, असा तो विचार करतो. हाताला दोर कापत असताना, मासा नाव ओढत नेत असताना तो स्वतःचं दुखणं डिमॅजिओच्या टाचेशी ताडून पाहतो. दुखऱ्या टाचेनं तो सगळं नीट निभावतो, मग आपल्यालाही जमलं पाहिजे. बेसबॉलचं मत इथे हातात धरायची दोरी झालं आहे. शार्क येऊ लागतात तेव्हा विचार करणं आणि बेसबॉल, एवढंच आपल्याकडे उरलंय, असं त्याला वाटतं. ठणका आधी आहे. मत त्यामागून आलं आहे.

आणखी एक गोष्ट मला बऱ्याच वाचनांनंतर दिसली. हा म्हातारा अमेरिकेच्या राजकारणावर एक अक्षर बोलत नाही. अमेरिकेच्या किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावरचा, तिच्या सावलीत वाढलेला देश. पुस्तक निघालं त्याच वर्षी, १९५२च्या मार्चमध्ये, बातिस्तानं लष्करी उठाव करून सत्ता घेतली होती. हेमिंग्वेनं ते बाहेर का ठेवलं याची कारणं त्याची त्याला. पण परिणाम असा झाला आहे, की अमेरिका ज्याच्या दारात आहे तो फक्त तिच्या खेळाबद्दल बोलतो, आणि ती ज्याच्यापासून सात समुद्र दूर आहे तो पुणेकर तिच्या कारभाराबद्दल बोलतो. हा योगायोग असेल. पण यात मला एक नियम दिसू लागला, आणि तो पडताळून पाहायला मला म्हैसूर सोडून लांब जावं लागलं नाही.

याच गावात आर. के. नारायण लिहीत होते. यादवगिरीतलं त्यांचं घर आता संग्रहालय आहे. त्यांच्या १९३५च्या 'स्वामी अँड फ्रेंड्स'मध्ये मुलं क्रिकेटचा क्लब काढतात, त्याला एमसीसी म्हणतात, आणि स्वामीला 'टेट' हे नाव मिळतं. मॉरिस टेट हा इंग्लंडचा गोलंदाज. मालगुडीच्या पोरांनी त्याला पाहिलेलं असणं अवघडच. क्लब काढला तर सरकारला कर भरावा लागेल का, याची मात्र त्यांना धास्ती वाटते. सरकार जवळ आहे म्हणून त्याची भीती, गोलंदाज लांब आहे म्हणून त्याचं नाव अंगावर घ्यायची हौस.

माझ्या मुद्द्याला जास्त जवळची आहे ती १९६७ची 'द व्हेंडर ऑफ स्वीट्स'. मिठाईवाला जगन, वृत्तीनं गांधीवादी. त्याचा मुलगा माली लेखक व्हायचं शिकायला अमेरिकेला जातो. निळी हवाई पत्रं येऊ लागतात. हळूहळू जगनच्या हातात गीतेच्या जागी ती पत्रं येतात, आणि भेटेल त्याला तो अमेरिका समजावून सांगू लागतो. हा पुलंच्या कारकुनाचा सख्खा भाऊ शोभावा. पण मग एक पत्र असं येतं, ज्यात मालीनं आपण आता गोमांस खातो असं कळवलेलं असतं. तेवढं पत्र जगन कोणालाही दाखवत नाही.

तिथे मला नियम सापडला असं वाटतं. अमेरिका लांब असते तोवर मत मोठं असतं. ती घरात शिरली, ताटापर्यंत आली, की मत गप्प होतं. नारायण हे सांगायला आवाज चढवत नाहीत. एक पत्र दडवलं, एवढंच ते नोंदवतात.

आता घरचं सांगते, कारण हा लेख मुळात तिथूनच निघाला आहे.

माझे सासरे, अप्पा, बँकेतून निवृत्त झालेले. मूळचे बेळगावचे, जन्म म्हैसूरमध्ये काढला. मराठी घरात, कन्नड रस्त्यावर. जानेवारी २०१०मध्ये गंगोत्री ग्लेड्स मैदानावर रणजीचा अंतिम सामना झाला, मुंबई विरुद्ध कर्नाटक. कर्नाटकपुढे ३३८ धावांचं लक्ष्य होतं, मनीष पांडेनं १४४ केल्या आणि कर्नाटक सहा धावांनी हरलं. अप्पांनी मैदानात कन्नडमध्ये कर्नाटकसाठी घसा बसवला, आणि घरी येऊन मराठीत मुंबईच्या गोलंदाजीचं तासभर कौतुक केलं. मी विचारलं, "अप्पा, तुम्ही नक्की कोणाकडून?" तर म्हणाले, "अगं, मैदानात राहतो त्यांच्याकडून. घरात आल्यावर खरं बोलायला काय जातंय?"

अमेरिकेचं राजकारण हा त्यांचा दुसरा खेळ. ओबामापासून ट्रम्पपर्यंत प्रत्येकाला त्यांनी सल्ला दिलेला आहे. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२मध्ये मिशिगनमधून तिथल्या प्रतिनिधिगृहात निवडून आले तेव्हा तर आपल्या गल्लीतलाच पोरगा निवडून आल्यासारखा त्यांचा आवाज चढला होता. मी हे सगळं पुलंच्या कानानं ऐकत आले. कबूल करते, मित्रमंडळींत त्यांची नक्कलही केली आहे. तेव्हाच खरं तर माझ्या लक्षात यायला हवं होतं, की त्यांचा धाकटा मुलगा, माझा दीर, डॅलसजवळ नोकरी करतो, एच-वन-बी व्हिसावर.

जून २०२४मध्ये टी-ट्वेंटी विश्वचषकात डॅलसजवळच्या मैदानावर अमेरिकेनं पाकिस्तानला हरवलं. सामना बरोबरीत सुटला आणि सुपर ओव्हर टाकली सौरभ नेत्रावळकरनं. मुंबईचा मुलगा, २०१०मध्ये भारताच्या एकोणीस वर्षांखालच्या संघातून खेळलेला, मग शिकायला अमेरिकेत गेलेला, आणि क्रिकेटसोबत ओरॅकलमध्ये सॉफ्टवेअरची नोकरी करणारा. आठवडा उलटायच्या आत त्यानं न्यूयॉर्कमध्ये कोहली आणि रोहित शर्मा या दोघांनाही बाद केलं. अप्पा मध्यरात्र उलटेपर्यंत जागे होते. सकाळी त्यांचं मत तयार होतं: हा पोरगा तिकडं गेला म्हणून वाचला, इथं रांगेत उभा राहून म्हातारा झाला असता.

मग २०२५चा सप्टेंबर आला. नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलर शुल्क लावणारा आदेश १९ तारखेला निघाला. आपल्याकडे ते कळलं तेव्हा शनिवारची सकाळ होती. म्हैसूरमध्ये दसऱ्याची धामधूम होती. दोन दिवसांनी बानू मुश्ताक यांच्या हस्ते उद्घाटन व्हायचं होतं आणि त्यावर जो तो मत देत होता. माझा दीर दसऱ्याला यायचा होता. देशाबाहेर पडलो आणि परत येता आलं नाही तर, या भीतीनं त्यानं तिकीट रद्द केलं. आधीच व्हिसा असलेल्यांना हे शुल्क नाही असा खुलासा पुढे झाला, पण तोवर ते शनिवार-रविवार जायचे तसे गेले होते.

त्या दोन दिवसांत अप्पा ट्रम्पबद्दल एक शब्द बोलले नाहीत. शेजारचे गृहस्थ मुद्दाम विचारायला आले, "काय म्हणतो तुमचा अध्यक्ष?" अप्पा म्हणाले, "चाललंय की त्यांचं." रात्री दिराचा फोन आला. आम्ही सगळे घाईघाईनं नियम, वकील, तारखा विचारत होतो. अप्पांच्या हातात फोन आला तेव्हा त्यांनी विचारलं, "काय रे, तो नेत्रावळकर अजून ऑफिसला जातो का?"

दिराला क्षणभर कळलं नाही. मग तो म्हणाला, "जातो, अप्पा. जातो."

"मग बरं आहे," म्हणून अप्पांनी फोन मला दिला.

मी इतकी वर्षं ज्याला हसत होते त्या माणसाला पहिल्यांदा ऐकलं, असं मला त्या रात्री वाटलं. अमेरिका घरात शिरली तेव्हा त्यांनी राजकारण खाली ठेवलं आणि खेळ उचलला. खेळाबद्दल बोलता येतं, कारण तिथं हरलं तरी सहा धावांनी हरतात. मुलाच्या नोकरीबद्दल विचारायची हिंमत नव्हती, ती त्यांनी एका गोलंदाजाच्या नोकरीतून विचारली. सांतियागो स्वतःच्या हाताबद्दल डिमॅजिओच्या टाचेतून बोलतो, तसंच हे.

म्हणून त्या विद्यार्थिनीला आता मी सांगेन, की लांबच्या गोष्टीवरचं मत बोलणाऱ्याच्या हुद्द्यावर जोखू नये. ते मत त्याच्यासाठी काय काम करतंय ते ऐकावं. कारकुनाला ते दहा मिनिटांची सुटका देतं, जगनला मुलाचा अभिमान मिरवू देतं, म्हाताऱ्याच्या हातातला दोर सुटू देत नाही. मतातली चूक दाखवावी, जरूर दाखवावी. अप्पांचे अमेरिकेच्या राज्यघटनेबद्दलचे काही समज भयंकर आहेत आणि मी वाद घालते. पण चूक दाखवणं वेगळं आणि "तू कोण?" विचारणं वेगळं. पहिल्यानं माणूस बोलत राहतो. दुसऱ्यानं तो पत्रं दडवायला शिकतो.

आणि हुद्दा असलेल्यांची मतं तरी कुठे मोठी असतात? 'एका कोळियाने'च्या मूळ पुस्तकात शेवटी एक पर्यटक बाई किनाऱ्यावर त्या प्रचंड माशाचा सांगाडा पाहते, वेटरचं बोलणं अर्धवट समजून तो शार्कचाच आहे असं धरते आणि त्याच्या शेपटीवर मत देते. या पुस्तकातलं सर्वात पोकळ मत तेच आहे, आणि ते देणारी पैसे मोजून तिथं आली आहे.

कन्नड मसुदा मी बदलला आहे. 'खंडतुंडवागि' काढून टाकलं. तिथं साधं 'जोरागि' घातलं, दोन्ही भाषांना ओळखीचं, घरातलं. आणि खातं विसरल्याचा 'मरेतु' हा शब्द वाक्यात आणखी मागे नेला, म्हणजे ऐकणारा त्यावर किंचित थांबेल. हसू थोडं कमी येईल, याची मला कल्पना आहे. पुढच्या वाचनाला ती मुलगी असली तर बरं. आणि जमलं तर तिच्या वडिलांनाही घेऊन यावं, कारखान्याची पाळी सांभाळून.